डर्बनची ग्रे स्ट्रीट

डर्बन म्हटले की आपल्याला १८९३ साली तिथे उतरलेले बॅरिस्टर गांधी आठवतात. त्यांना बोलावून घेणारी दादा अब्दुल्लांची पेढी आम्ही एका ओळीत उरकतो. १८६० पासून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये आले, मागोमाग गुजरातचे मुसलमान व्यापारी; ग्रे स्ट्रीटवर त्यांची जुमा मशीद झाली. मताधिकार जाणार हे दिसताच १८९४ मध्ये नाताळ इंडियन काँग्रेस निघाली. वर्गणीच्या यादीत पहिले नाव दादा अब्दुल्लांचे, दरमहा दोन पौंड!

मत गेलेच, १८९६ साली. १९२४ मध्ये नगरपालिकेची मतदारयादीही नव्या भारतीय नावांना बंद झाली. मग शाळा, कॉलेजे पदरच्या पैशांनी. मलबारहून गिरमिटावर आलेले एम. एल. सुलतान एके काळी रेल्वेत हमाल होते. त्यांच्या देणगीतल्या तंत्रमहाविद्यालयाची इमारत १९५६ मध्ये उघडली.

पण या उभारणीत आफ्रिकी शेजारी कुठे होता? जानेवारी १९४९ च्या दंगलीत ८७ आफ्रिकी आणि ५० भारतीय मेले. आम्ही फक्त आपलेच मोजत आलो. सुलतानांचे महाविद्यालय २००२ साली टेक्निकॉन नाताळ या एके काळच्या गोऱ्यांच्या संस्थेत मिळाले. आज त्या विद्यापीठात बहुतेक विद्यार्थी आफ्रिकी आहेत.