जुन्नरच्या डोंगरात, भर पावसात

वहाणा काढून हातात घ्या, नाहीतर चिखल त्या ठेवून घेईल. जुलै १९६२. खालच्या खाचरांत गुडघाभर पाण्यात आवणी चाललीय आणि तुम्ही डोक्यावर इरलं घेऊन चढताय. पायवाट कसली, ओढाच आहे. ढग एवढा दाट, की पुढच्या माणसाची घोंगडी तेवढी दिसते. ओल्या लोकरीचा आणि विडीचा वास तिच्यामागे येत राहतो.

मग वास बदलतो. रॉकेल! घरच्या चिमणीतलं, पण अख्ख्या डोंगराला लागलेलं. त्याच्याखाली जळकं रबर, आणि आणखी एक वास. त्याचं नाव इथे कुणी काढत नाही. तुम्हीही काढू नका.

सिडनीहून रोमकडे निघालेलं अलितालियाचं डीसी-८ बँकॉकहून मुंबईला येताना इथे कोसळलं. विमानात ९४ माणसं होती. एकही वाचलं नाही.

वर गलका आहे. हवालदार ओरडतायत, हमाल एकमेकांना हाका मारतायत, रेनकोटातले साहेब भिजका नकाशा गुडघ्यावर पसरून बसलेत. तुमच्या हातात फितीचं टोक येतं. "घट्ट धरा, काही हलवू नका!" पत्रा कुठे पडला, झाडं कुठल्या बाजूला मोडली, सगळं मोजायचं. तुकडे मैलोगणती विखुरले असतील, तर विमान हवेतच फुटलं म्हणायचं. एकाच उतारावर असतील, तर ते अख्खं येऊन आदळलं. बोटं बधिर झालीत. कुणीतरी गुळाचा चहा देतं. पितळी पेल्याच्या चटक्यानेही बरं वाटतं.

तुमच्या शेजारचा गडी हा डोंगर अंधारातही उतरतो. चौकशीने पुढे जी कारणं नोंदवली, त्यात एक होतं या वाटेवरच्या मुलखाची वैमानिकाला ओळख नसणं. मला तेच सर्वांत जास्त लागतं. मध्यरात्र उलटलेली, बाहेर काही दिसत नाही, आणि त्याचा हिशेब सांगतो, मुंबई आली. मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर लांब! दिशा-अंतर सांगणारी साधनं होती, ती पुरती वापरली नाहीत. सुरक्षित उंची सोडून विमान खाली आलं आणि सुमारे ३,६०० फुटांवर सह्याद्री आडवा आला.

पाऊस वाढतोय. साहेब पुन्हा हाक मारतायत. फीत ताणा, ओढ्यापलीकडचं मोजमाप राहिलंय.