रुग्णाचा मुक्काम : नगर जिल्ह्यातील एक सामाजिक इतिहास

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या अभ्यासकांना बखरी, सनदा, ताम्रपट आठवतात. दवाखान्याचा केसपेपर कोणाला आठवत नाही. त्यावर दोन तारखा असतात : रुग्ण दाखल झाला ती आणि त्याला घरी सोडले ती. या दोन तारखांमधले दिवस रोग ठरवतो आणि डॉक्टर मोजतो, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत तपासले पाहिजे. रोग सारखा, औषध सारखे, आणि तरी एक माणूस महिनाभर खाटेवर, दुसरा चौथ्या दिवशी स्वतःच्या जबाबदारीवर अंगठा उठवून घरी. असे का, हे वैद्यकाच्या पुस्तकात पुरते सापडत नाही.

१८९८ सालचा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा पाहा. धरून आश्रमात ठेवायचे ते सगळ्या कुष्ठरोग्यांना नव्हे. भीक मागणाऱ्या, निर्वाहाचे साधन नसलेल्या कुष्ठरोग्यांना. जंतू एकच. पण वाड्यातला रोगी वाड्यात राहिला आणि रस्त्यावरचा जन्मभर कुंपणाआड गेला. मुक्कामाची मुदत दारिद्र्याने ठरवली होती, आणि ती कायद्यात तशी लिहिलीही होती.

क्षयाची गोष्ट याच्या उलट दिशेने गेली. स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार यांसाठी रोग्याने महिनोन्महिने आरोग्यधामात राहावे, असे शास्त्र होते. गरिबाला ते परवडणारे नव्हते. १९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. दाट वस्तीतल्या गरीब रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या खोपटात राहू दिले. वर्षभर औषधे तीच दिली. १९५९ साली निष्कर्ष आले. दोघांचे बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे होते, आणि घरी राहिलेल्यांमुळे घरच्या माणसांना अधिक लागण झाली असेही दिसले नाही. आरोग्यधामांचा पायाच हलला. पण या प्रयोगात एक अट दडलेली होती. घरी औषध द्यायचे तर कोणीतरी घरापर्यंत गेले पाहिजे. आपल्या गावरचनेत महारवाड्यापर्यंत, मांगवाड्यापर्यंत कोण जाणार होते?

अहमदनगर जिल्ह्याचे (आजचे अहिल्यानगर) वैद्यकीय जीवन मिशनच्या दवाखान्यांनी घडवले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी डॉ. रूथ ह्यूम यांनी नगरात स्त्रियांसाठी रुग्णालय चालवले. १९३९ साली साल्वेशन आर्मीचे बूथ रुग्णालय आले. दूरच्या गावातून बैलगाडीने आलेला रुग्ण एकटा येत नसे. सोबत नातेवाईक, पातेले, पिठाची गाठोडी असे. पीठ संपले की मुक्काम संपे. पुन्हा येणे कठीण, म्हणून काहीजण टाके निघेपर्यंत राहत. म्हणजे लांबचा रस्ता मुक्काम वाढवी आणि बुडालेली मजुरी तो तोडी. रुग्णाजवळ बसणारे माणूसही हिशेबात धरावे लागते. माझ्या वर्गातली मुलगी आठवडाभर दिसली नाही, तर बहुधा घरातले कोणीतरी दवाखान्यात असते. मुलगा अशा कारणाने क्वचितच गैरहजर राहतो.

नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात १९६२ पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे काम करीत होते. बरे करून पाठवलेले रोगी तेच रोग घेऊन परत येत आहेत, हे त्यांनी पाहिले. खाटा वाढवून हे थांबणारे नव्हते. अमेरिकेतील शिक्षण संपवून दोघे १९७० साली जामखेडला आले. दुष्काळी मुलूख. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत काम सुरू झाले. आधी शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवल्या. त्या टिकल्या नाहीत, गावाने त्यांचे ऐकलेही नाही. मग गावातल्याच बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. जामखेडला येऊन त्या एकत्र जेवत, एकत्र निजत, एकत्र शिकत. सवर्ण बाईला हे सहज पचले असेल असे समजण्याचे कारण नाही.

या बायांनी जे केले त्याला मी मुक्कामाचे स्थलांतर म्हणतो. जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी पाजणे, बाळंतिणीवर लक्ष ठेवणे, क्षयाच्या आणि कुष्ठाच्या रोग्याच्या गोळ्या चुकू न देणे : जे दिवस दवाखान्यात गेले असते, ते घरी निभावले. कुष्ठरोग्यांसाठी जामखेडने वेगळा वॉर्ड ठेवला नाही. ते इतरांबरोबरच ठेवले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बालके दगावत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा आकडा तीसच्या खाली आला.

पण घरी बरे व्हायचे तर घरी पाणी हवे. पाणवठ्यावर ज्याला मज्जाव, त्याच्या जखमा कशाने धुवायच्या? म्हणून कूपनलिकांच्या जागा ठरवताना आरोळ्यांनी त्या शक्यतो दलित वस्तीत पाडल्या. पाणी हवे तर सवर्णांना तिथे यावे लागले. ही युक्ती मला त्यांच्या साऱ्या वैद्यकीपेक्षा मोठी वाटते. तिचा गौरव करताना हेही लिहिले पाहिजे, की याच जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला, आणि २०१७ साली खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. हातपंप जात ओलांडतो, ती मोडत नाही.

गेल्या काही दशकांत मुक्काम कमी करण्याची घाई रुग्णालयालाही झाली आहे. अमेरिकेत १९८३ पासून वृद्धांच्या सरकारी विम्याने रोगाच्या गटाप्रमाणे ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, तसे खाटेवरचे दिवस घटले. आपल्याकडे २०१२ साली आलेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेतही उपचाराला ठरीव रक्कम होती. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. करोनात तर ८ मे २०२० च्या केंद्राच्या आदेशाने सौम्य रुग्णाची घरी जाण्यापूर्वीची चाचणीच वगळली गेली. खाटा अपुऱ्या, म्हणून लवकर घरी. यात चूक आहे असे नाही. लवकर सोडणाऱ्याने घर कसे आहे हे विचारलेले नसते, एवढेच.

आता ऊसतोडणी कामगाराकडे पाहा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीडमधून कोयता दिवाळीच्या सुमारास निघतो. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा अंगावर. म्हणजे दवाखान्यातला दिवस मजुरी तर बुडवतोच, वर दंडही लावतो. २०१९ साली बीड जिल्ह्यात अशा ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली. १३ हजारांवर स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच्या त्रासाने खाडा पडू नये, हेही एक कारण त्या वेळी पुढे आले. शस्त्रक्रियेनंतर किती विश्रांती मिळाली असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आजारी माणसाच्या दिवसांना दाम असतो, हे या देशाने एकदा मान्य केले होते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, १९४४ साली प्रा. अडारकरांचा कामगार आरोग्यविम्याचा अहवाल आला. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. आजारपणात पगाराचा हिस्सा मिळणे हा हक्क ठरला. पुढे तो सत्तर टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत झाला. त्याच सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. कारखान्याच्या आतला कामगार कामगार ठरला. ज्याच्या कोयत्यावर कारखान्याचे गाळप चालते, तो मुकादमाचा माणूस राहिला. फुल्यांच्या नावाच्या योजनेत त्याला खाट, जेवण आणि परतीचे भाडे मिळते. बुडालेली मजुरी मिळत नाही.