सुधाकर आणि त्यानंतर : व्यसनी माणसाची मराठी प्रतिमा

राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी तेव्हाच्या मध्य प्रांतातील सावनेर येथे निधन झाले, तेव्हा त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर यावयाचे होते. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास त्याचा पहिला प्रयोग केला. त्यानंतर कित्येक दशके मराठी मनातील व्यसनी माणूस म्हणजे सुधाकर, असे समीकरणच होऊन बसले.

विषय मात्र नवा नव्हता. जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद या नात्याने शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीस लेखी विरोध केला होता. १९०८ मध्ये टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यातील गुत्त्यांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. या दोघांच्याही दृष्टीने प्रश्न परवान्याचा, महसुलाचा आणि सरकारच्या धोरणाचा होता. गडकऱ्यांनी तो गुत्त्यातून उचलून एका बुद्धिमान वकिलाच्या घरात आणला. त्यात विषयाला खोली लाभली, हे खरे. पण दारू विकणारी व्यवस्था रंगमंचाबाहेर राहिली आणि तिच्या जागी तळीराम हा एकटा खलपुरुष उरला.

तरीही गडकऱ्यांच्या निरीक्षणाची सूक्ष्मता मान्य केली पाहिजे. न्यायालयात झालेल्या अपमानानंतर, सनद तहकूब झाल्यामुळे व्यथित झालेला सुधाकर पहिला प्याला घेतो. पुढे तो दारू सोडतोही. परंतु नोकरी मागण्यासाठी जुन्या स्नेह्यांकडे गेला असता त्याच्या वाट्याला अवहेलनाच येते, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. व्यसन सुटल्यावरचा काळच सर्वांत धोक्याचा असतो, हे उपचारशास्त्राचे आजचे सूत्र गडकऱ्यांनी नाट्यप्रसंगातून मांडले होते. मात्र नाटकाची चौकट शोकांतिकेची. परतीची वाट तीत बसणार कशी? मरणोन्मुख सिंधू पतीचा अपराध झाकून खोटे सांगते. बालगंधर्वांच्या भूमिकेने आणि वि. सी. गुर्जरांच्या पदांनी हे सोसणे इतके मोहक केले की, व्यसनाला आश्रय देणारे मौन हेच पातिव्रत्याचे शिखर ठरले. समीक्षेने याकडे फारसे लक्ष दिले नाही.

१९८० नंतर मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर पसरू लागली. फारसीत 'गर्द' म्हणजे धूळ. तोच शब्द या भुकटीला चिकटला. १९८५ मध्ये केंद्र सरकारने अमली पदार्थांविरुद्ध कठोर कायदा केला. पण या विषयाचे मराठी गद्यातील खरे दर्शन घडविले ते अनिल अवचटांनी. गर्दवरील त्यांच्या लेखनात ना स्वगते आहेत, ना आलंकारिक भाषा. मुलगा घरातली भांडी विकतो, आई ते शेजाऱ्यांपासून लपविते, बाप डॉक्टरांमागून डॉक्टर बदलतो. हे सारे अवचट साध्या वाक्यांत नोंदवितात. शोकांतिकेच्या नायकाची जागा येथे रुग्णाने घेतली. हा बदल केवळ शैलीचा नव्हे.

या लेखनाने अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. मराठीत ललित गद्यातून एखादी संस्था उभी राहिल्याची उदाहरणे विरळाच. तेथे पस्तीस दिवसांच्या निवासी उपचारांबरोबर कुटुंबीयांच्या समुपदेशनालाही स्थान मिळाले. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालू झाला. नवऱ्याचे पिणे झाकण्यासाठी शेजारी, सासर आणि कचेरी यांच्यापुढे आपण काय काय खोटे सांगितले, हे त्या गटात बायका एकमेकींना सांगतात.