बाहेरून बसणाऱ्यांची पदवी

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ कायद्यानं अस्तित्वात आलं, तेव्हा त्याच्याकडे ना वर्ग होते ना प्राध्यापक. होती ती फक्त परीक्षा. चार्ल्स वुड यांच्या १८५४ च्या खलित्यानं लंडन विद्यापीठाचा त्या वेळचा नमुना पुढे ठेवला होता: शिकवायचं ते कॉलेजांनी, विद्यापीठानं पेपर काढायचे, तपासायचे आणि पदवी द्यायची. विद्यापीठाचा स्वतःचा शिकवणारा विभाग निघायला १९१९ साल उजाडलं, पॅट्रिक गेडिस समाजशास्त्र शिकवायला आले तेव्हा. ‘आपल्याकडे पदवी म्हणजे नुसती परीक्षा’ अशी तक्रार आज जो तो करतो. पहिल्या साठेक वर्षांत ती तक्रार नव्हतीच, विद्यापीठाची रचनाच तशी होती.

पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली. पहिले बी. ए. १८६२ मध्ये निघाले, अवघे चौघे: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. आता वसईकडे पाहू. त्याच वर्षी जूनमध्ये, इथं जन्मलेल्या आणि १५९७ साली नागासाकीला क्रूसावर मरण पत्करलेल्या गोन्सालो गार्सियाला रोममध्ये संतपद मिळालं. त्याच्या नावाचं कॉलेज वसईत निघालं ते १९८४ मध्ये. संतपद आधी आणि कॉलेज सव्वाशे वर्षांनी, हा क्रम वसईच्या शिक्षणाविषयी बरंच सांगून जातो.

त्या काळची परीक्षा अखंड होती. एका विषयात गचकलं की सगळे विषय पुन्हा. बाकीच्यांत मिळवलेले गुण पुढच्या खेपेला कामाला येत नसत. शिवाय परीक्षा जिथं असेल तिथं जायला हवं. धोंडो केशव कर्वे १८७५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल चालत गेले, भर पावसात, घाट चढून. तिथल्या साहेबांना पोरगा सतरा वर्षांचा वाटेना, म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. अभ्यास होता, पाय होते. आडवं आलं ते वय.

वसईकरांना एवढी पायपीट नव्हती. १८६४ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून गुजरातेकडे गेली आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. विजेची गाडी विरारला पोचली १९३६ मध्ये. त्यामुळे इथल्या वाडवळ, सामवेदी, कुपारी, भंडारी, कोळी घरांतल्या मुलांसाठी कॉलेज म्हणजे एल्फिन्स्टन, विल्सन, झेवियर्स आणि खिशातला पास. केळी, विड्याची पानं नि भाजीपाला याच गाडीनं मुंबईला जायचा, मुलंही त्याच गाडीनं. वसई रोडला अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय उभं राहिलं ते १९७० च्या दशकात. विरारचं विवा त्यानंतरचं. तोवर ज्याला नोकरी, शेती किंवा बाजार सोडून रोज गाडी पकडणं जमत नव्हतं, त्याची पदवी राहून जायची. स्थळं बघताना ‘मुलगा इंटरपर्यंत शिकलाय’ असं सांगितलं जाई. मॅट्रिक हुकली असेल तर ‘नॉनमॅट्रिक’. अर्ध्यात सोडलेल्या शिक्षणाला एवढीच किंमत होती.

ही अखंडता हळूहळू, एकेका नियमानं फुटत गेली. आधी आलं एक्झेम्शन: ठरावीक गुण मिळालेला विषय सुटला, आता राहिलेल्यांनाच बसायचं. मग एटीकेटी, म्हणजे विषय राहिला तरी पुढच्या वर्षाची टर्म भरायची मुभा. आज दहावीला एक-दोन विषय राहिलेली मुलं याच सवलतीवर अकरावीत बसतात. सी.ए.च्या परीक्षेत ग्रुप अडकला तरी साठ गुणांचा पेपर पुढच्या तीन खेपांसाठी सुटलेला धरतात, आणि म्हणून सी.ए. करणारी पोरं कुठल्या पेपरवर जोर लावायचा याचं गणित मांडूनच अभ्यासाला बसतात. दहावी-बारावीच्या ‘ऑक्टोबरला बसणाऱ्यां’कडेही हे गणित असायचंच: इंग्रजी आणि गणित एकदम की एकेक? क्लासवाले याचे सल्ले देत, आणि ते पुष्कळदा शाळेतल्या सल्ल्यापेक्षा व्यवहारी असत.

दुसरी फट पडली ती बायकांच्या बाजूनं. साताऱ्याहून परतवलेल्या कर्व्यांनीच १९१६ मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. पहिल्या वर्षी पाच विद्यार्थिनी. पदवीला नाव दिलं ‘गृहीतागमा’, म्हणजे जी. ए. मराठीतून शिक्षण, आणि घरी अभ्यास करून परीक्षेला बसायची सोय. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला मिळालं. पण सरकारी कायद्याची मोहोर उठायला १९५१ पर्यंत थांबावं लागलं. तोवर जी. ए. झालेल्या बाईची पदवी दुसरीकडे किती धरायची, हे समोरच्याच्या मर्जीवर. घरबसल्या परीक्षा देणाऱ्यांची खरी अडचण तेव्हापासून तीच आहे. पास होणं आपल्या हातात असतं, ते पास होणं दुसऱ्यानं मोजणं आपल्या हातात नसतं.

स्वातंत्र्यानंतर बाहेरून बसणाऱ्यांच्या वाटा वाढल्या. बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून शाळेत न जाता दहावी-बारावी देता येते. फॉर्म भरणाऱ्याला एखादी शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते, एवढंच. मुंबई विद्यापीठानं १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, त्याचंच पुढे ‘आयडॉल’ झालं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आलं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. त्यांच्या विद्यापीठानं तर बारावीचा दाखलाच मागितला नाही: पूर्वतयारीची परीक्षा द्या, पास व्हा, पदवीच्या पहिल्या वर्षाला या. वसईतल्या वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून पाळ्या करणाऱ्यांना आणि संसारात अडकलेल्या बायांना या दोन-तीन वाटांनीच बी. ए., बी. कॉम. करता आलं.

अमेरिकेत हाच प्रश्न सैनिकांमुळे टोकदार झाला. दुसऱ्या महायुद्धात छावणीत शिकलेल्या सैनिकाला परत आल्यावर वर्गात पुन्हा पहिल्यापासून बसवायचं का? त्यातून परीक्षा देऊन क्रेडिट घ्यायची पद्धत रुळली, आणि १९६७ मध्ये कॉलेज बोर्डाची ‘क्लेप’ परीक्षा आली. वर्ग नाही, हजेरी नाही. वीस ते ऐंशीच्या मापावर साधारण पन्नास मिळवले की अनेक कॉलेजं तो विषय झालेला धरतात. तिथं शिकणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना एपी (शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या दर्जाची परीक्षा) आणि क्लेप यांचा हिशेब शाळेतच घालावा लागतो, कारण चार विषय असे सुटले तर एका सत्राची फी वाचते. तिथंही पेच कर्व्यांच्या जी. ए. सारखाच. एक कॉलेज धरतं, दुसरं धरत नाही.

क्रेडिट हा शब्द मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर २०११-१२ च्या सुमारास सर्रास दिसू लागला. तेव्हा तो बहुतेकांना गुणांचाच नवा अवतार वाटला, आणि खरं तर तेव्हा होताही तसाच. मिळालेलं क्रेडिट घेऊन कुठं जाता येत नव्हतं. जुलै २०२१ मध्ये यूजीसीनं क्रेडिट बँकेचे नियम काढले आणि चित्र बदललं. एका संस्थेत मिळवलेलं क्रेडिट खात्यात जमा राहतं, सात वर्षांपर्यंत चालतं, दुसऱ्या संस्थेत नेता येतं. अट इतकीच की पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मी क्रेडिटं कमवावीत. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रम एका सत्राच्या चाळीस टक्क्यांपर्यंत धरता येतात. राज्यात संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवा आराखडा लागू झाला: सत्राला २२ क्रेडिटं, तीन वर्षांची १३२. वर्षानं थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, त्यासाठी वर थोडा कौशल्याचा अभ्यासक्रम. ‘इंटरपर्यंत शिकलाय’ असं सांगणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटलं असतं.

कागदावर सगळं नीट आहे. घोळ होतो तो मापांत. स्वयमच्या आयआयटीवाल्या अभ्यासक्रमांत चार आठवड्यांना एक क्रेडिट, आठला दोन, बाराला तीन. विद्यापीठाच्या चौकटीत मात्र बऱ्याच जागा दोनच्या किंवा चारच्या. बारा आठवडे घासून मिळवलेली तीन क्रेडिटं दोनच्या जागेत बसवली तर एक वाया जातं, चारच्या जागेत एक कमी पडतं. कोर्स छान असूनही कॉलेजच्या मंजूर यादीत नसेल तर क्रेडिट खात्यात दिसतं, पदवीत उतरत नाही. पाहणं फुकट, पण परीक्षेची फी वेगळी, आणि परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यायची. शिवाय गृहपाठाचे पंचवीस आणि परीक्षेचे पंचाहत्तर असा हिशेब असल्यामुळे आयत्या वेळी जाऊन बसणाऱ्याला क्लेपसारखी सोय नाही.

२०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या आसपास होती आणि त्यानंतर नालासोपाऱ्याच्या बाजूला वस्ती थांबलेली नाही. इथला कॉलेजकुमार अजूनही पुष्कळदा अर्धवेळ कामगार असतो. त्याला नव्या आराखड्यातल्या मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम), ओपन इलेक्टिव्ह (खुल्या निवडीचा) या विषयांचे रकाने समजावून कोण सांगणार, हे अजून ठरलेलं नाही. परीक्षा विभागाच्या खिडकीवरचा कारकून, एखादा हौशी प्राध्यापक आणि एक वर्ष पुढे असलेला मित्र, या तिघांपैकी मित्राचाच सल्ला सध्या जास्त चालतो: आधी दोन क्रेडिटांचा आठ आठवड्यांचा कोर्स घे, तो यादीत आहे याची कॉलेजकडून लेखी खात्री कर, आणि निकाल सत्राच्या निकालाआधी लागेल ना, तेवढं विचारून ठेव.