कर्णा, कागद आणि खोके

शौकीन माणसांना वादाला विषय कधी कमी पडत नाही. आपल्याकडे बैलांचे शौकीन पारावर जमले की लाल कंधारी सरस की देवणी, यावर चहाच्या चार फेऱ्या होतात. शहरांत आवाजाचेही असेच शौकीन आहेत. गवयाचा गळा घरच्या खोलीत जसाच्या तसा उमटावा म्हणून ही मंडळी यंत्रांवर लाखो रुपये ओततात. त्यांचा एक जुना वाद आहे. लाऊडस्पीकरच्या इतिहासात सर्वांत प्रभाव पाडणारी रचना कोणती? कोणी अमेरिकेच्या क्लिप्शचे नाव घेतो, कोणी इंग्लंडच्या क्वाडचे, कोणी व्हिल्चरच्या खोक्याचे. गंमत अशी, की साखऱ्यासारख्या गावात देवळाच्या शिखराजवळ नाहीतर शाळेच्या छपरावर जो कर्णा दिसतो, त्याचे नाव या वादात कोणी सहसा घेत नाही.

मी इतिहास शिकवणारा माणूस, यंत्राचा कारागीर नव्हे. पण प्रभाव मोजायचा म्हटला, की वस्तू किती गोड वाजते एवढे पाहून भागत नाही. तिच्यामुळे किती माणसांची ऐकण्याची रीत बदलली, ते पाहावे लागते. तेव्हा या वादात आज आपल्या कर्ण्यालाही एक पाट मांडू या.

लाऊडस्पीकर नव्हता तेव्हा सभेची हद्द गळ्याने ठरत असे. आपल्याच जिल्ह्यातले नर्सी हे नामदेवांचे गाव म्हणून ओळखले जाते, आणि औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले, ही आख्यायिका तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या काळी कीर्तनकाराचा शब्द मागच्या रांगेपर्यंत जायचा तो कसा? गळा चढा हवा, शब्द तोडून म्हणायला हवेत, आणि टाळकऱ्यांनी चरण उचलून पुन्हा म्हणायला हवा. तमाशातली गाणारीण वरच्या पट्टीत गाते, त्यालाही मोकळ्या मैदानाचे हेच कारण असावे. बारीक, चढा आवाज गर्दीतूनही वाट काढतो.

आणि वाजंत्र्यांत पाहा. तुतारी काय, जुना कर्णा काय, एका टोकाला निमुळते आणि दुसऱ्या टोकाला पसरट. लाऊडस्पीकर आला तेव्हा गावाने त्याला ‘कर्णा’ म्हटले ते उगीच नाही. लोकांनी त्याचे कूळ बरोबर ओळखले! हवा पातळ असते. लहानसा पडदा तिच्यात नुसता हलवला, तर हाताने वारा ढकलल्यासारखे होते, जोर फुकट जातो. तोच पडदा अरुंद नळीच्या तोंडाशी बसवला, म्हणजे हवेला निसटायला जागा राहत नाही, आणि नळी हळूहळू रुंदावत गेली की तो जोर बाहेरच्या हवेच्या हाती नीट सोपवला जातो. साध्या स्पीकरमध्ये विजेच्या शंभर भागांतले एक-दोनच आवाजात उतरतात. चांगल्या कर्ण्यात दहा-वीस, कधी त्याहूनही अधिक. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला हा फरक म्हणजे जीव की प्राण.

आता थोडा सनावळीचा भाग. चुंबकाच्या पोटात तारेचे वेटोळे ठेवून त्यातून वीज सोडली की वेटोळे हलते, ही कल्पना जर्मनीच्या सीमेन्सने 1874 साली मांडली. इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉजने 1898 मध्ये त्यावर स्पीकरचे पेटंट घेतले. पण क्षीण वीज वाढवणारा व्हॉल्व्ह तेव्हा नव्हता, म्हणून कल्पना कागदावरच राहिली. 1915 साली कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी वेटोळ्याला कर्णा जोडला. त्यांच्या मॅग्नाव्हॉक्स यंत्रावरून 1919 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन सॅन डिएगो शहरी सुमारे पन्नास हजार लोकांशी बोलले. एका माणसाच्या साध्या बोलण्याला पन्नास हजार श्रोते! गळ्याची हद्द संपली ती इथे.

आपल्या देशात ही गोष्ट स्वातंत्र्याच्या चळवळीबरोबर आली. मुंबईच्या मोटवाने कुटुंबाची ‘शिकागो रेडिओ’ ही पेढी. नाव शिकागोचे, पण माणसे इथली. 1930 नंतरच्या काळात काँग्रेसच्या सभांना कर्णे आणि मायक्रोफोन पुरवण्याचे काम या पेढीने केले. गांधीजींच्या सभांची जुनी छायाचित्रे निरखून पाहा, मायक्रोफोनवर पुष्कळदा हेच नाव वाचायला मिळते. गांधीजींचा आवाज काही सिंहगर्जनेचा नव्हता. ते हळू, सपाट बोलत. कर्ण्याची सोय नसती तर लाखाच्या सभेत त्यांचे शब्द पहिल्या काही रांगांपुढे गेले असते का, हा प्रश्न इतिहासाच्या शिक्षकांनी वर्गात जरूर टाकावा. त्याच सुमारास बोलपटही आला. मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 1931 साली ‘आलम आरा’, आणि 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. पडद्यामागे मोठाले कर्णेच असत. पुढे जत्रेतल्या तंबूच्या सिनेमानेही तोच आवाज गावोगाव नेला.

पण कर्ण्याने जे दिले त्याची किंमतही घेतली. खर्जातला स्वर, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांचा म्हणा, त्याची हवेतली एक लाट अकरा फुटांची असते. देवळावरच्या कर्ण्याचे तोंड दीड फुटाच्या आसपास. एवढ्या तोंडातून ती लाट बाहेर पडायची कशी? शब्द कळतात, कारण व्यंजने बारीक स्वरांत राहतात. पण मृदंगाच्या डाव्या अंगाला कणीक लावून वादक जो घुमारा काढतो तो कर्ण्यात शिरताच मरतो, आणि पत्रा बडवल्यासारखा ठोका तेवढा उरतो. काकड्याचे भजन रोज कर्ण्यावरच ऐकणाऱ्या पोराला मृदंग असाच वाजतो असे वाटले, तर नवल नाही. वर्षानुवर्षे आपल्या कानांना ही सवय लागली आहे. या दृष्टीने मी कर्ण्याला प्रभावी म्हणतो, निर्दोष म्हणत नाही.

दुसरी रचना कागदाची. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी 1925 साली एक निबंध वाचला. विषय होता, कर्ण्यावाचून चालणारा स्पीकर. अनेक प्रकार करून पाहिल्यावर ते एका साध्या गोष्टीपाशी येऊन ठेपले होते. कागदाचा हलका शंकू घ्यावा, त्याची कड ताणून न बांधता सैल ठेवावी, मध्यभागी वेटोळे चिकटवावे आणि पुढे एक फळी लावावी. कड सैल असल्याने पडद्याचा स्वतःचा सूर फार खाली जातो, आणि त्याच्या वरचे सगळे स्वर तो जवळपास सारख्या न्यायाने देतो. फळी कशाला? पडदा पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मध्ये आडकाठी नसेल तर समोरची हवा वळसा घालून मागे जाते आणि खर्ज जिथल्या तिथे जिरतो. शंभर वर्षे झाली या गोष्टीला. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओपासून ट्रान्झिस्टरपर्यंत, आणि दूरदर्शनच्या संचापासून मोटारीच्या दारातल्या जाळीपर्यंत ही रचना गेली. कुठे कागदाऐवजी प्लॅस्टिक आले एवढेच.

पण या कागदाने माणसांची बसण्याची रीत बदलली, ती मला जास्त मोलाची वाटते. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, तेव्हाचा अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, दहा आठवडे, शेतीचे आणि गावाच्या प्रश्नांचे वीस कार्यक्रम झाले. रेडिओभोवती बसून ऐकायचे, मग आपसांत चर्चा करायची, शंका लिहून केंद्राला पाठवायच्या, आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमात उत्तरे द्यायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची तपासणी केली. पुढे 1959 पासून ही पद्धत देशभर नेण्याचे ठरले. आपला भाग त्यात नव्हता. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात आणि परभणी हैदराबाद राज्यात होती. परभणीचे आकाशवाणी केंद्र आले ते 1968 साली.

आता विचार करा, हाच प्रयोग कर्ण्यावर झाला असता का? कर्ण्याखाली माणूस ऐकतो, बोलत नाही, कारण शेजाऱ्याचेही ऐकू येत नाही. रेडिओच्या कागदी पडद्याचा आवाज एका खोलीपुरता. तो थांबला की लगेच माणसाचा आवाज सुरू होऊ शकतो. कर्ण्याने सभा मोठी केली, कागदाने ओसरीवर पुन्हा बोलणे आणले.

शौकिनांच्या आवडत्या रचनांकडे आता वळतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही. पॉल क्लिप्शने 1946 च्या सुमारास खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा कर्णा विकायला काढला. घराच्या दोन भिंतीच त्याने कर्ण्याचे तोंड म्हणून वापरल्या. युक्ती झकास, पण खोलीला मोकळा कोपरा हवा! पीटर वॉकरच्या क्वाडने 1957 मध्ये शंकूच काढून टाकला आणि विद्युतभारित जाळ्यांमध्ये पातळ पापुद्रा ताणला. माणसाचा आवाज त्यावर अतिशय नितळ येतो म्हणतात, पण किती घरांत तो गेला? अमर बोस या बंगाली क्रांतिकारकाच्या मुलाने अमेरिकेत 1968 साली नऊ लहान शंकूंचा स्पीकर काढला. त्यांतल्या आठांची तोंडे भिंतीकडे! शौकीन अजून त्यावरून भांडतात. बीबीसीने 1970 नंतरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीसाठी फूटभर उंचीचा स्पीकर बनवून घेतला. निवेदकाचे बोलणे खरे वाटते की नाही, ही त्याची मुख्य परीक्षा. रेडिओच्या माणसाला ती परीक्षा पटेल.

यांत थोडे थांबावे असा माणूस म्हणजे एडगर व्हिल्चर, पेशाने शिक्षक. चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढे खोके हवे, अशी त्या वेळची समजूत होती. व्हिल्चरने 1954 साली पडद्याची कड अगदी ढिली केली आणि खोके हवाबंद केले. आत कोंडलेली हवा स्प्रिंगचे काम करू लागली. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने दाबून दांडा रेटून पाहा, हवा कशी परत लोटते ते हाताला कळेल. आकार एकदम दीड-दोन घनफुटांवर आला. पुढे त्याच्या पेटंटवर हरकत आली आणि ते टिकले नाही. तो लढत बसला नाही, म्हणून ती रचना सगळ्यांना खुली झाली. 1961 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील याने खोक्याचे गणित मांडले, रिचर्ड स्मॉलने ते पुढे वाढवले, आणि खोके अंदाजाने ठोकण्याचे दिवस गेले. मिरवणुकीत छाती हादरवणाऱ्या भिंती याच गणितावर उभ्या असतात. मृदंगाला न मिळालेला खर्ज आता व्याजासकट वसूल होतो, आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली वस्तीसाठीची दिवसाची 55 डेसिबलची मर्यादा कागदावर राहते.

मला विचाराल तर माझे मत राइस आणि केलॉग यांच्या कागदाला. क्लिप्श आणि क्वाड शौकिनांना लखलाभ. कर्ण्याला दुसरा पाट द्यावा, आणि व्हिल्चरला तिसरा. वाद घालायची मुभा आहे.

शिक्षकमित्रांसाठी एक बिनखर्ची प्रयोग सांगतो. मोडक्या ट्रान्झिस्टरचा लहान स्पीकर सोडवून घ्या. त्याच्या दोन तारा चालू रेडिओच्या स्पीकरच्या तारांना जोडा आणि मृदंग किंवा तबला वाजत असताना तो उघडा हातात धरा. आवाज पत्र्यासारखा चिरका येईल. मग मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचे भोक पाडा आणि स्पीकर त्यावर घट्ट दाबा. डग्गा एकाएकी भरून येईल. मुलांना डोळे मिटायला सांगा, पुठ्ठा दोन-तीनदा लावा आणि काढा, आणि केव्हा लावला ते त्यांना हात वर करून सांगू द्या.