शिकाऊ वैमानिक
लहान विमान चालवण्याचे शिक्षण घेणारी व्यक्ती. भारतात वयाची १६ वर्षे पूर्ण केलेल्या दहावी उत्तीर्ण उमेदवाराला वैद्यकीय तपासणी व तोंडी परीक्षेनंतर शिकाऊ परवाना मिळतो. १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने हे शिक्षण जुहूच्या धावपट्टीवर रुजवले. तेथेच शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. सेस्ना १५२ सारख्या दोन आसनी विमानात प्रशिक्षक शेजारी बसतो. उड्डाणापूर्वी टाकीच्या तळातले थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून त्यात पाणी नाही ना, हे विद्यार्थी पाहतो. ही सवय कोणत्याही हवाई कसरतीहून मोलाची. प्रशिक्षकाची खात्री पटल्यावरच एकट्याने उड्डाण करता येते. शिकाऊ वैमानिकाला प्रवासी नेण्यास मनाई आहे.