सव्वीस मंगळवार

‘द लाइफ ऑफ रायली’ ही मालिका अमेरिकेत एनबीसीवर ४ ऑक्टोबर १९४९ रोजी सुरू झाली आणि २८ मार्च १९५० रोजी संपली. कॅलिफोर्नियातल्या विमान कारखान्यात राबणारा चेस्टर रायली, बायको पेग, मुलगी बॅब्स आणि मुलगा ज्युनिअर यांची ही अर्ध्या तासाची विनोदी गोष्ट. रायली झाला होता जॅकी ग्लीसन. पुढे त्याने मोठे नाव कमावले, त्यामुळे ही मालिका त्याचा फसलेला पहिला डाव म्हणून सांगितली जाते. पुरावा काय म्हणतो ते पाहू.

आधी दिनदर्शिका. दोन्ही तारखा मंगळवारच्या. त्या धरून मधले मंगळवार मोजले तर सव्वीस भरतात, आणि मालिकेचे भागही सव्वीसच. म्हणजे एकाही आठवड्याचा खाडा नाही. त्या काळी प्रायोजकांचे करार बहुधा तेरा-तेरा आठवड्यांचे असत. सव्वीस म्हणजे असे दोन हप्ते. मध्येच गुंडाळलेल्या मालिकेचा हिशेब इतका चोख जुळत नाही. माझ्या मते इथे मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही, एवढेच.

दुसरा पुरावा एमी पुरस्कारांच्या नोंदीचा. २७ जानेवारी १९५० रोजी लॉस एंजेलिसच्या ॲम्बॅसडर हॉटेलात दूरचित्रवाणीसाठी बनवलेल्या सर्वोत्तम चित्रपटाचा मान रायलीला मिळाला. पुढे मालिकेचे नऊच मंगळवार उरले होते! पण नोंदीत मालिकेशेजारी लॉस एंजेलिसच्या केएनबीएच या केंद्राचे नाव आहे, आणि सुरुवातीचे एमी त्या शहरापुरतेच होते. तेव्हा हा पुरस्कार गुणवत्तेची साक्ष देतो, देशभरच्या लोकप्रियतेची नाही.

तिसरा पुरावा सर्वांत बोलका : खुद्द चित्रफिती. दोन्ही किनारे जोडणारी दूरचित्रवाणीची जोडणी सप्टेंबर १९५१ मध्ये झाली. त्याआधी लॉस एंजेलिसचा कार्यक्रम न्यूयॉर्कला थेट दाखवणे शक्यच नव्हते, म्हणून रायली फिल्मवर चित्रित झाला आणि त्यामुळेच आज पाहता येतो. त्यात प्रेक्षकांचा हशा नाही. विनोद झाला की क्षणभर शांतता, मग पुढचे वाक्य. काळ्या कपड्यांतला, खोल आवाजाचा डिगर ओडेल हा अंत्यविधीचा व्यावसायिक घरात शिरतो, तेव्हा ती शांतता फार परिणाम करते. कारखाना क्वचितच दिसतो. गोष्ट घडते ती बहुतेक घरात. हा काटकसरीचा परिणाम असावा, पण तो माझा तर्क.

मग मालिका थांबली का? निर्माते आयर्विंग ब्रेकर आणि प्रायोजक पॅब्स्ट ही बिअर कंपनी यांच्यात एकोणचाळीस आठवड्यांचा पूर्ण हंगाम करण्यावरून बोलणी फिसकटली, असे सांगितले जाते. सव्वीसच्या आकड्याशी ते जुळते. शिवाय पॅब्स्ट रायलीला कंटाळली नव्हती, कारण तिच्याच पैशावर रेडिओवरचा रायली १९५१ पर्यंत चालला. तिथे आवाज विल्यम बेंडिक्सचा होता, १९४४ पासूनचा. चित्रपटांच्या करारामुळे तो दूरचित्रवाणीवर येऊ शकला नाही, म्हणून ग्लीसन आला.

पुढे दूरचित्रवाणीवर आलेला बेंडिक्सचा रायली १९५३ ते १९५८ चालला. २१७ भाग झाले. यावरून ग्लीसन कमी पडला असा निष्कर्ष काढतात, तो मला घाईचा वाटतो. १९५३ पर्यंत टीव्ही संच कितीतरी अधिक घरांत पोचले होते. दोन्ही मालिका एका तराजूत बसत नाहीत.

१९५१ मध्ये ड्यूमॉन्ट वाहिनीवर ग्लीसनने बसचालक राल्फ क्रॅमडेन उभा केला. रायलीतून क्रॅमडेन घडला, असे म्हणण्याचा मोह होतो. दोघे कष्टकरी, दोघे स्वतःच्या हुशारीवर भाळलेले. पण क्रॅमडेनला मुले नाहीत, त्याचा राग अधिक खरा आहे, आणि त्याच्या घराची गरिबी उघडी दिसते. साम्य आहे इतके निश्चित. वारसा होता, हे अनुमानच.